वैमानिकाच्या हातांतील यादी

[नभोवाणीवर झालेलें भाषण]

स्मरणशक्तीविषयीं आपल्याकडे फार आदर आहे. ज्याला सगळें तोंडपाठ तो विद्वान, आणि ज्याला कागद पाहून बोलावें लागतें तो कच्चा, असें आपण लहानपणापासून मानीत आलों. एखादी गोष्ट विसरूं नये म्हणून पदराला गांठ मारणारी गृहिणी आपल्या विसराळूपणाला स्वतःच हंसते. अशा समजुतींत वाढलेल्या माणसानें विमानाच्या कॉकपिटमध्यें, म्हणजे विमानाच्या नाकाशीं असलेल्या वैमानिकांच्या लहानशा खोलींत, डोकावून पाहिलें, तर त्याला नवलच वाटेल. वीस वीस वर्षें विमानें चालविलेला, हजारों तास आकाशांत काढलेला कॅप्टन तेथें बसलेला असतो. त्याच्या शेजारचा, वयानें कदाचित् त्याच्या मुलासारखा असलेला सहवैमानिक हातांत एक कार्ड धरून त्याला प्रश्न विचारीत असतो: अमुक कळ कशी आहे? तमुक दांडा कोठें आहे? आणि तो कॅप्टन शाळेंतल्या मुलाप्रमाणें निमूटपणें, एकेका वस्तूकडे पाहून, उत्तरें देत असतो. प्रवासी विमानांतून हें रोज आणि प्रत्येक उड्डाणाच्या वेळीं चालतें.

ह्या कार्डाला चेकलिस्ट म्हणतात. आपण तिला पडताळ्याची यादी म्हणूं. ही यादी कशी निर्माण झाली, ती वापरण्याची रीत काय, आणि ती हातांत असूनही कधीं कधीं घात कां होतो, एवढ्या तीन गोष्टी आज मला आपणांस सांगावयाच्या आहेत.

अगदीं आरंभीच्या विमानांना यादीची फारशी गरज नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें उतरले. तें पस मॉथ जातीचें विमान एका इंजिनाचें, लहानसें होतें. असलें विमान चालविणाऱ्याला जें सांभाळावयाचें तें सगळें त्याच्या डोळ्यांसमोर आणि हाताशीं असे. पण यंत्रविद्या फार वेगानें पुढें जात होती, आणि अवघ्या तीन वर्षांनीं असें एक विमान तयार झालें कीं, त्यापुढें एका माणसाचें डोकें अपुरें पडूं लागलें.

तें साल १९३५. अमेरिकेच्या सैन्याच्या विमानदलाला नवें बाँबफेकी विमान हवें होतें. त्यासाठीं लावलेल्या चुरशींत सिॲटल येथील बोइंग कंपनीनें आपलें मॉडेल २९९ हें विमान उतरविलें. प्रतिस्पर्ध्यांचीं विमानें दोन इंजिनांचीं. हें चार इंजिनांचें. ऑगस्ट महिन्यांत सिॲटलपासून ओहायो प्रांतांतील डेटनपर्यंतचें सुमारें २,१०० मैलांचें अंतर ह्या विमानानें कोठेंही न थांबतां सुमारें नऊ तासांत तोडलें, तेव्हां जाणते लोकही थक्क झाले. चुरशीचा निकाल आतां ठरल्यासारखाच आहे, असें सर्वांना वाटूं लागलें.

३० ऑक्टोबर रोजीं डेटन येथील राइट फील्ड विमानतळावर ह्या विमानाचें आणखी एक परीक्षा-उड्डाण होतें. तें चालविणारे मेजर प्लॉयर हिल हे सैन्यांतील अनुभवी परीक्षक-वैमानिक होते. बोइंग कंपनीचा मुख्य परीक्षक-वैमानिक लेस्ली टॉवर, ज्याला ह्या विमानाची कळ न् कळ ठाऊक होती, तोही विमानांतच होता. विमान धांवलें, जमीन सोडून उचललें गेलें, आणि नाक वर, आणखी वर करीत उभ्या चढणीनें चढूं लागलें. कांहीं क्षणांतच त्याची गति मोडली, तें कोसळलें आणि जमिनीवर आदळून पेटलें. आंतील पांच जणांपैकीं हिल आणि टॉवर हे दोघे प्राणांस मुकले.

चौकशी झाली. इंजिनांत बिघाड नव्हता, बांधणींत दोष नव्हता. मग झालें होतें तरी काय? विमान जमिनीवर उभें असतांना वाऱ्याच्या झोतांनीं शेपटीवरील हलत्या फळ्या आपटून मोडूं नयेत म्हणून ह्या विमानांत त्यांना जखडून ठेवणारी एक खीळ होती. ती कॉकपिटांत बसूनच काढतां येत असे. त्या सकाळीं ती काढावयाची राहून गेली. विमानाचें नाक खालींवर करणारी आडवी फळी, जिला एलेव्हेटर म्हणतात, ती जागच्या जागीं अडकून बसली; आणि एकदां विमान हवेंत गेल्यावर नाक खालीं आणण्याचा उपायच वैमानिकाच्या हातीं उरला नाहीं.

श्रोतेहो, ह्या घटनेंत विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं तेथें अज्ञान कोणाचेंच नव्हतें. खीळ काढली पाहिजे हें तेथील प्रत्येकाला ठाऊक होतें. हिलला शिकविण्यासारखें कोणाजवळ कांहीं नव्हतें आणि टॉवरइतकें तें विमान जाणणारा दुसरा मिळणें कठीण होतें. दोघेही कुशल, दोघेही सावध. आणि तरीही एका क्षणाचें काम राहून गेलें. ज्ञान असणें ही एक गोष्ट, आणि तें ज्ञान नेमक्या क्षणीं आठवणें ही दुसरी गोष्ट, हा भेद इतक्या क्रूरपणें क्वचितच कोणी मनुष्याच्या पदरांत घातला असेल.

चुरस अर्थातच बोइंगच्या हातून गेली. डग्लस कंपनीच्या दोन इंजिनांच्या विमानाला १३३ विमानांची मागणी मिळाली. तरीही ह्या मोठ्या विमानाचे गुण ओळखणारे लोक सैन्यांत होते, आणि त्यांच्या आग्रहामुळें तेरा विमानें अनुभवासाठीं म्हणून मागविण्यांत आलीं. तीं प्रामुख्यानें व्हर्जिनिया प्रांतांतील लँगली फील्ड येथील तुकडीकडे आलीं. आतां प्रश्न असा होता कीं, पुन्हां असें घडूं नये म्हणून काय करावें? अधिक हुशार वैमानिक शोधावे, तर हिलहून हुशार आणावयाचा कोठून? शिक्षणाची मुदत वाढवावी, तर टॉवरला शिक्षणाची वाण थोडीच होती! तेव्हां त्या वैमानिकांनीं अगदीं साधा उपाय केला. उड्डाणापूर्वीं, उड्डाण चालू असतांना, उतरण्यापूर्वीं आणि उतरल्यावर काय काय पाहावयाचें, त्याच्या छोट्या याद्या त्यांनीं केल्या, आणि त्या वाचल्यावांचून पुढचें पाऊल टाकावयाचें नाहीं असा दंडक घातला. हेंच विमान पुढें बी-१७ ह्या नांवानें प्रसिद्धीस आलें, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत अशीं बारा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. यादीची रीत सैन्यांतून प्रवासी विमानांत आली आणि तेथें कायमची रुजली.

आतां ही यादी वापरतात कशी तें पाहूं. सर्वसाधारण समजूत अशी असते कीं, वैमानिक एकेक ओळ वाचतो आणि तेवढें काम करतो, जसें पाककृतीचें पुस्तक उघडून एखादी नवशिकी मुलगी स्वयंपाक करते. कांहीं प्रसंगीं तसें करतातही. परंतु रोजच्या उड्डाणांत रीत बहुधा वेगळी असते. वैमानिक प्रथम आपलीं कामें ठरलेल्या क्रमानें, वरून खालीं किंवा डावीकडून उजवीकडे हात फिरवीत, पाठांतरानें करून घेतात. तें झाल्यावर मग यादी निघते, आणि त्या कामांतील जीं चुकलीं असतां प्राणावर बेतेल अशीं थोडीं कामें पुन्हां पडताळून पाहिलीं जातात. म्हणजे यादी ही स्मरणशक्तीच्या जागीं आलेली नाहीं. ती स्मरणशक्तीच्या मागें उभी आहे. हिशेबनीस बेरीज एकदां खालून वर आणि एकदां वरून खालीं करतो, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट माणसांच्या वांटणीची. दोन वैमानिकांपैकीं एक विमान चालवितो आणि दुसरा लक्ष ठेवतो. हवेंत असतांना चालविणारा यादी मागतो, आणि लक्ष ठेवणारा ती मोठ्यानें वाचतो. बोइंग ७३७ विमान उतरण्याच्या वेळची यादी घ्या. चाकें उतरलीं आहेत कीं नाहींत, पंखांवरील गतिरोधक पट्ट्या सज्ज आहेत कीं नाहींत, फ्लॅप्स किती अंशांवर आहेत, अशा अवघ्या तीनचार बाबी तींत असतात. येथें उत्तर नुसतें ‘होय’ किंवा ‘पाहिलें’ असें देऊन चालत नाहीं. चाकांविषयीं विचारलें तर ‘खालीं’ असें सांगावें लागतें, फ्लॅप्सविषयीं विचारलें तर आंकडा बोलावा लागतो. कारण ‘होय’ हा शब्द न पाहतांही तोंडांतून निघतो, पण आंकडा सांगण्यासाठीं डोळा कांट्यापर्यंत न्यावा लागतो. शेवटचें उत्तर मिळालें कीं वाचणारा ‘यादी पूर्ण’ असें स्पष्ट म्हणतो. मध्येंच कोणी बोलावलें, नियंत्रकाचा संदेश आला, क्रम तुटला, तर राहिलेल्या ठिकाणीं अंदाजानें हात घालावयाचा नाहीं. संशय असेल तर पहिल्या ओळीपासून पुन्हां आरंभ करावयाचा.

तिसरी गोष्ट यादीच्या आंखूडपणाची. जें जें म्हणून महत्त्वाचें तें सर्व यादींत घालावें असा मोह शहाण्या माणसाला फार होतो. पण यादी लांबली कीं वाचणारा कंटाळतो, कंटाळला कीं ओळी गाळूं लागतो, आणि एकदां गाळण्याची संवय लागली कीं नेमकी नको ती ओळ गळते. म्हणून एखादी बाब यादींत असावी कीं नसावी, ह्यावर विमानविद्येंतले लोक फार बारकाईनें विचार करतात.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, कीं मग आतां चिंता मिटली. तसें झालें असतें तर फार बरें होतें. १६ ऑगस्ट १९८७ रोजीं संध्याकाळीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथून नॉर्थवेस्ट कंपनीचें एक विमान उडालें. विमान जड असून त्याची गति थोडी असतांना त्याला उचलून धरण्यासाठीं पंखांच्या कडांवरील पट्ट्या, म्हणजे मागचे फ्लॅप्स आणि पुढचे स्लॅट्स, बाहेर काढाव्या लागतात. त्या काढलेल्या नव्हत्या. धांवपट्टीकडे जातांना जी यादी वाचावयाची ती वैमानिकांनीं वाचलीच नाहीं, असें चौकशींत निष्पन्न झालें. पट्ट्या न काढतां विमान धांवूं लागलें तर ओरडून सावध करणारें एक यंत्र विमानांत होतें. पण त्याला वीजच पोहोंचत नव्हती. विमानांतील १५४ आणि जमिनीवरील दोन, अशीं १५६ माणसें दगावलीं. विमानांतल्या १५५ जणांपैकीं चार वर्षांची एक मुलगी तेवढी वांचली.

येथें निदान असें म्हणतां येतें कीं, यादी वाचली नाहीं म्हणून अनर्थ झाला. पण एका वर्षानें, ३१ ऑगस्ट १९८८ रोजीं, टेक्सस प्रांतांतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर जें झालें तें ह्याहूनही विचार करावयास लावणारें आहे. डेल्टा कंपनीच्या त्या विमानांत यादी वाचली गेली. ‘फ्लॅप्स?’ असा प्रश्न विचारला गेला, आणि फ्लॅप्स पंधरा अंशांवर असून हिरवा दिवा लागला आहे, असें उत्तरही आलें. कॉकपिटमधील संभाषण टिपणाऱ्या यंत्रावर तें उमटलें आहे. चौकशी करणाऱ्यांनीं मोडके अवशेष तपासले, तेव्हां फ्लॅप्स मिटलेलेच होते असा निष्कर्ष निघाला. विमानांत १०८ माणसें होतीं, त्यांतील १४ मरण पावलीं.

उत्तर देणाऱ्यानें लबाडी केली काय? मुळींच नाहीं. तेंच उत्तर त्यानें पूर्वीं कितीतरी उड्डाणांत दिलें होतें आणि प्रत्येक वेळीं तें खरें होतें. प्रश्न कानीं पडतांच जीभ आपोआप हलली, आणि डोळा मात्र जागचा हलला नाहीं. हातांत माळ फिरत असावी आणि मन भलतीकडेच असावें, हा अनुभव आपल्यापैकीं कोणाला नाहीं? जपाच्या बाबतींत तो अनुभव आपल्यापुरताच राहतो. कॉकपिटमध्यें तो शंभर माणसांच्या जिवावर येतो. आसफ देगानी आणि अर्ल वीनर ह्या दोन संशोधकांनीं अमेरिकेच्या नासा संस्थेसाठीं ह्या याद्यांचा अभ्यास करून १९९० सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत असल्याच मानवी दुबळेपणाचा विचार आहे. यादी कशी छापावी, कोणत्या अक्षरांत छापावी, घाईच्या कोणत्या वेळीं ती वाचूं नये, इतकेंच नव्हे तर वैमानिक तिला कां टाळतात, हेंही शोधून काढावें लागलें. बोइंग ७७७ हें विमान १९९५ सालीं प्रवासी सेवेंत आलें. त्यांत यादी पडद्यावर दिसते, आणि जी स्थिति विमानाला स्वतःला कळूं शकते ती पूर्ण होतांच ती ओळ आपोआप हिरवी होते. परंतु विमानाला न कळणाऱ्या बाबी तेथेंही उरतातच, आणि त्यांच्यासाठीं माणसाचा डोळा लागतोच.

आतांपर्यंत मीं नेहमींच्या याद्यांविषयीं बोललों. संकटाच्या वेळच्या याद्या निराळ्या. आग, इंजिन बंद पडणें, हवेचा दाब जाणें, अशा प्रत्येक प्रसंगासाठीं काय करावयाचें तें एका पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. जें क्षणाचाही विलंब न लावतां केलें पाहिजे, तें मात्र पाठ असावें लागतें. आणि सगळ्या पुस्तिकांच्या आधीं एक नियम असतो: प्रथम विमान सांभाळा, मग कागद उघडा.

ह्या नियमाची परीक्षा १५ जानेवारी १९०९ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २००९ सालीं त्याच दिवशीं, न्यूयॉर्कवर झाली. लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेलें एक एअरबस विमान सुमारें २,८०० फुटांवर असतांना रानहंसांच्या थव्यांत सांपडलें आणि त्याच्या दोन्ही इंजिनांची शक्ति गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनीं विमान आपल्या हातीं घेतलें, आणि सहवैमानिक स्काइल्स यांनीं दोन्ही इंजिनें बंद पडल्याची यादी उघडली. यादी तीन पानांची होती, आणि विमान वीस हजार फुटांहून उंच असेल असें धरून लिहिलेली होती. ह्या दोघांजवळ वेळ होता साडेतीन मिनिटें. यादीचा सुमारें एक तृतीयांश भाग होतो न होतो तोंच विमान हडसन नदीच्या पाण्यावर टेकलें. शेपटीजवळचें वीज पुरविणारें लहान इंजिन यादींत बरेंच पुढें येत होतें. सलेनबर्गर यांनीं तें आपण होऊन आधींच चालू केलें होतें, आणि त्यामुळें विमान शेवटपर्यंत ताब्यांत राहिलें. आंतील सर्वच्या सर्व १५५ माणसें वांचलीं.

ह्यावरून कोणी यादीला नांवें ठेवील, तर तें योग्य होणार नाहीं. यादी लिहिणाऱ्याला सगळीं संकटें आधीं दिसत नाहींत, एवढेंच ह्यावरून सिद्ध होतें. आणि म्हणूनच कमी उंचीवर असा प्रसंग आला तर कामीं येईल अशी यादी तयार करावी, अशी शिफारस चौकशी मंडळानें केली. एकानें आपली बुद्धि मोकळी ठेवली, ती दुसरा यादी सांभाळीत होता म्हणून. हेंही विसरतां कामा नये.

विमानांतील ही रीत आतां शस्त्रक्रियेच्या खोलींतही आली आहे, आणि त्या कामांत एका मराठी घराण्यांतील गृहस्थाचा मोठा वांटा आहे. डॉक्टर अतुल गवांदे हे अमेरिकेंत जन्मलेले शस्त्रवैद्य. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यांतले. त्यांच्या पुढाकारानें जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं १९ बाबींची एक यादी प्रसिद्ध केली. रोगी हाच ना, शस्त्रक्रिया ह्याच जागेची ना, आंत कापूस राहिला नाहीं ना, असल्या साध्या बाबी तींत आहेत. सर्वांनीं आपापलें नांव व काम सांगावें, हीही त्यांतलीच एक. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, असें २००९ सालीं जाहीर झालें. पण पुढें कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत १०१ रुग्णालयांत यादी सक्तीनें लागू झाल्यावर काय घडलें हें तपासलें, तेव्हां म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. हा निष्कर्ष २०१४ सालचा. कागद तोच असतांना फळ निराळें कां, ह्यावर पुष्कळ वाद झाला. डॅलसचें विमान ज्यांना आठवतें त्यांना एक कारण सहज सुचेल: यादी भरून ठेवणें वेगळें, आणि ती पाळणें वेगळें.

मला वाटतें, ह्या सगळ्याचें सार असें आहे. यादी अडाण्यासाठीं नाहीं. ज्याला काम येत नाहीं त्याला ती वाचून विमान उडवितां येणार नाहीं. ती ज्ञात्यासाठीं आहे, कारण आपल्याला सगळें येतें हा विश्वास ज्ञात्यालाच असतो, आणि त्या विश्वासाच्या आडोशालाच चूक दबा धरून बसते. तरुण सहवैमानिकानें विचारावें आणि वडील कॅप्टननें न रागावतां पुन्हां पाहून उत्तर द्यावें, ह्यांत कॅप्टनचा मान कमी होत नाहीं. मागें बसलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या शेंकडों माणसांना त्यानें दिलेला तो मान आहे.

आजही प्रत्येक विमान जमीन सोडण्यापूर्वीं वैमानिक आपला दांडा पुढें मागें आणि दोन्ही बाजूंस पुरा फिरवून पाहतो, आणि शेपटीवरच्या व पंखांवरच्या फळ्या मोकळ्या हलतात याची खात्री करून घेतो. राइट फील्डवर त्या ऑक्टोबरच्या सकाळीं एवढेंच करावयाचें राहून गेलें होतें.